गार्डच्या क्वार्टरमधलं समुद्राचं पाणी

१२ जानेवारी १९७४, शनिवार

माशांच्या पेटीचा हवेचा पंप पुन्हा बंद. हे रेल्वेत गार्ड, गाडी घेऊन पुण्याला गेलेले. केर काढताना लक्षात आलं, पेटीतली बुडबुड ऐकू येत नाही. बघते तर मासे वर येऊन तोंडं उघडतायत. मासे मेले तर हे रागावणार नाहीत, एक शब्द बोलणार नाहीत, जेवणार नाहीत. त्याचीच जास्त धास्ती.

नीलाने पंप उघडला. आतलं रबर फाटलेलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला तिने. दहा वर्षांची पोर, बापाच्या हाताकडे बघून शिकलीय. चालला एकदाचा.

रबर पूर्वी मुंबईत सुटं मिळायचं. आता दुकानदार म्हणतो, बाहेरचा माल येत नाही, अख्खा पंप घ्या. आणि पंपाचा भाव दुप्पट.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला क्वार्टरच्या लाइनीतल्या बायका आल्या. सगळ्या आधी पेटीपुढे. केशरी जोडी, एक निळा, एक पिवळा. शेजारच्या रमाबाई कांबळे, त्यांचे मालक पॉइंट्समन आहेत, रुळांचे सांधे बदलतात, त्यांनी विचारलं, "वहिनी, मीठ टाकून का करत न्हाई पानी? मीठ सस्तं की."

केलं होतं. पहिल्या वर्षी. दुसऱ्या दिवशी दोन मासे आडवे. समुद्रात जे असतं ते आपल्या मिठात सगळं नसतं म्हणे. तेव्हापासून पाणी मुंबईचंच, प्लॅस्टिकच्या कॅनमधून. मुंबई ते पुणे ह्यांचे ओळखीचे गार्ड आणतात, पुण्याहून सोलापूरपर्यंत हे, स्वतःच्या ब्रेकव्हॅनमधून, गाडीच्या शेवटच्या डब्यातून. मासे उलट्या बाजूने, मद्रासकडून, तसेच हातोहात. हे सगळं मी बायकांना हसत हसत सांगितलं.

रमाबाई म्हणाल्या, "लई खर्च येत आसंल."

"छे हो, फुकटच की," म्हटलं. अव्वा, म्हणजे सासूबाई, आतून खाकरल्या.

२३ जानेवारी, बुधवार

अव्वांचं आज पुन्हा. आपण लिंगायत माणसं, घरात सोडे येतात, पाप कोण फेडणार. माशांना ती सुकी कोळंबी बारीक चिरून घालावी लागते. डबा मोरीच्या बाहेर, चाकू वेगळा, हात राखेने धुवायचे. एवढं सगळं पाळूनसुद्धा अव्वांना वास येतोच. मला तर येत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "अव्वाला भाव कळला ना सोड्यांचा, म्हणून वास येतो."

भाव खरंच ऐकवत नाही. पण कशाचा ऐकवतो? तेल, डालडा, साखर, रॉकेल. रांगेत उभं राहून परत यायचं. परवा डालड्याच्या रांगेत बायका एकमेकींच्या अंगावर गेल्या. मी पिशवी छातीशी धरून मागच्या मागे सटकले. घरी येऊन बघते तर हे पेटीसाठी नवी ट्यूबलाइट लावतायत.

६ फेब्रुवारी, बुधवार

मेमो आला. ब्रेकव्हॅनमध्ये खाजगी सामान, लेखी खुलासा द्या. कुणीतरी कॅन बघितले. हे म्हणतात, "पाणी आहे ते, दारू नाही. लिहून देतो." दिलं. पुढच्या वेळेपासून प्रत्येक कॅनची लगेजची पावती फाडायची. म्हणजे पाणी फुकट म्हणायची सोय गेली.

मला मेमोची भीती वाटते. माझे वडील वैरागला दुकान चालवायचे, त्यांना कधी कुणी कागद पाठवला नाही. इथे एक कागद आला की नोकरी हलते, नोकरी हलली की क्वार्टर हलतं. आपलं असं काय आहे? भिंतीतला खिळा सुद्धा सरकारचा.

२ मार्च, शनिवार

रेडिओ गेला.

दुपारी मी झोपले होते. उठले तर फळीवर चौकोनी डाग, बाकी धूळ. हे संध्याकाळी दोन नवे पंप घेऊन आले. एक चालवायला, एक राखायला. म्हणाले, "दिवसभर कानाशी शिट्ट्याच असतात गं. गाणी कशाला हवीत?"

मी काय बोलणार. रेडिओ त्यांनीच आणला होता. पण विचारायचं तरी.

१९ मार्च, मंगळवार

निळा मासा मेला. उन्हाळा आत्ताच असा, पुढे काय होणार. पेटीभोवती ओलं गोणपाट गुंडाळतो. रोज बर्फ आणायचा, पिशवीत बांधून पाण्यात सोडायचा, पिशवी फुटता कामा नये. बर्फवाल्याने सुद्धा भाव वाढवला.

हे जेवले नाहीत. गणवेशातच पेटीपुढे बसून राहिले. मी ताट झाकून ठेवलं आणि शेजारी बसले. मग हे सांगायला लागले.

"अक्कलकोटला आमच्याकडे विहीर सुद्धा आटायची. चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघितला. मला वाटलं, एवढं पाणी, आणि कुणी भांडत नाही."

मग म्हणाले, "गाडीवरून आलो की डोक्यात गाडीच चालू असते. इथे बसलो की थांबते."

मला माहीत आहे ते. ड्यूटीवरून आलेला माणूस आणि पेटीपुढून उठलेला माणूस वेगळे असतात. पहिल्याला नीला घाबरते. म्हणून तर मी आजवर पेटीवर हात उचलला नाही. पण ही पेटी किती दिवस परवडणार आपल्याला.

२१ एप्रिल, रविवार

संपाचं बोलणं सगळीकडे. नळावर, दळणाच्या चक्कीवर. कांबळे संध्याकाळी आले. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. ह्यांना म्हणाले, "सायेब, आमी तर उतरणारच हाय. पन गार्ड लोक आले तर जोर येतो. तुमी या."

मला वाटलं हे बघू म्हणतील. हे नेहमी बघू म्हणतात.

"येतो," म्हणाले.

कांबळे गेल्यावर मी विचारलं, नोकरी गेली तर? हे पेटीतलं पाणी बघत होते. काचेची नळी पाण्यात तरंगते, ती किती बुडते त्यावरून खारेपणा कळतो. ती बघत म्हणाले, "सगळ्यांची गेली तर कुणाचीच जात नाही."

हा हिशोब मला पटला नाही.

३ मे, शुक्रवार

पुढाऱ्यांना धरलं. रमाबाईंच्या घरी जाऊन रेडिओ ऐकला. आपला नाही आता. बातम्या संपल्या तरी कुणी उठेना. कांबळ्यांनी बटण बंद केलं आणि नुसते हसले.

गावात सगळे तांदूळ, ज्वारी भरून ठेवतायत. आमच्याकडे हे पुण्याहून सहा कॅन समुद्राचं पाणी घेऊन आले. माझा तोल गेला.

"संप किती चालेल माहीत नाही, पगार येणार नाही, आणि तुम्ही पाणी भरताय?"

"गाड्या बंद झाल्यावर कुठून आणू?"

"आणि माणसांनी काय प्यायचं? हेच?"

खाली मान घालून बाहेर गेले. तासाभराने ज्वारीचं पोतं सायकलला लावून ढकलत आले. कुणाकडून, कसं, विचारलं नाही.

७ मे, मंगळवार

हे गेले. उद्यापासून संप. गार्ड लोकांना घरातून उचलून जबरदस्तीने गाडीवर चढवणार अशी बातमी आहे, म्हणून घरी राहायचं नाही. कुठे जाणार ते सांगितलं नाही. "तुला माहीत नसलं तर तुला सांगावं लागणार नाही."

तेवढ्यात पेटीचं सगळं शिकवलं. पाणी रोज आटेल. आटलं तेवढं गोडं घालायचं, खारं नाही, कारण मीठ आटत नाही. आठवड्याने थोडं जुनं काढून कॅनमधलं घालायचं. खाणं एकदाच, चिमूटभर. मी मान हलवत होते, ऐकू काही येत नव्हतं. धोतर नेसलेले. अंगावर गणवेश नसला की हे किती बारीक दिसतात.

अव्वांच्या पाया पडले. अव्वा कानडीत काहीतरी पुटपुटल्या आणि विभूती लावली. नीला झोपली होती, तिला उठवलं नाही.

८ मे, बुधवार

शिट्टी नाही. डबे जोडायचं शंटिंग नाही. लग्न होऊन आल्यापासून असं ऐकलं नव्हतं. भांडी घासताना आवाज होऊ नये म्हणून जपत होते. कशासाठी, मलाच माहीत नाही. सगळी लाइन तशीच. दारं लावलेली, माणसं दारामागे.

१० मे, शुक्रवार

पोलीस आले. सकाळी, नीलाची वेणी घालत होते. तिघे.

"बिराजदार गार्ड?"

"नाहीत."

"कुठं गेले?"

"माहीत नाही."

एकाने आतल्या खोलीत बघितलं, मोरीत बघितलं. मोठा होता तो हवालदार पेटीपुढे थांबला.

"हे काय?"

"मासे."

"खायचे?"

"नाही. बघायचे."

वाकून बघत राहिला. टोपी काढली. मग विचारलं, "समुद्रातले? हितं? किती खर्च येतो ह्याला?" साधंच विचारलं त्याने, पण मला भलतंच सुचलं. गार्डाच्या पगारात हे कसं बसतं, असं कुणी लिहून नेलं तर? म्हटलं, मित्र देतात.

"चांगले मित्र आहेत," म्हणाला आणि बाहेर पडला.

मग शेजारचं दार वाजलं. कांबळे घरातच होते. बनियनवर नेले. रमाबाई शर्ट घेऊन पोलिसांच्या गाडीमागे पळाल्या, तो त्यांच्या हातातच राहिला.

मी दारात उभी होते आणि पहिला विचार काय आला, तर आमचे नव्हते घरात, बरं झालं. मग रमाबाई वळल्या. माझ्याकडे बघितलं त्यांनी. आत गेल्या.

१२ मे, रविवार

लाईट गेली. फक्त आमच्या दोन ओळींची. कुणी म्हणतं तोडली, कुणी म्हणतं तारेत बिघाड. येत नाही एवढं खरं.

पंप बंद. दोन्ही. राखीव पंप काय कामाचा. उन्हात पत्रा तापलेला, पाणी कोमट. मासे वर आले. नीला पळत रमाबाईंकडे गेली, कांबळ्यांच्या सायकलचा पंप मागून आणला. रमाबाईंनी कशाला हवा विचारलं सुद्धा नाही, दिला. नळीला नळी जोडून हवा मारायला लागलो. पंधरा-वीस दट्टे मारायचे, थांबायचं. नीला, मी, नीला, मी. हातांना फोड.

दुपारी मला भोवळ आली. डोळे उघडले तर अव्वा पाट घेऊन बसलेल्या, पदर खोचून हवा मारतायत. एकेका दट्ट्याला "शिवा, शिवा". मी बघते आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "येन माडोदु? काय करणार? माझ्या लेकाचा जीव हाय त्यात."

१४ मे, मंगळवार

पिवळा मेला. कॅनमधलं पाणी घालायला उघडलं तर वास. उन्हात सडलंय. सहापैकी चार कॅन गेले. दोन वापरले. बर्फाचा कारखाना दुप्पट पैसे मागतो आणि घरी येईपर्यंत अर्धा वितळतो. ज्वारीच्या पोत्याकडे बघते, बर्फाकडे बघते. उद्यापासून बर्फ बंद.

केशरी जोडी उरलीय. एक दगडाआड पडून असतो.

१५ मे, बुधवार

घाटगे गार्ड आले होते. संपात नाहीत ते. दिवसातून एखादी गाडी सुटते, पोलीस बसवून, त्यावर जातात. ह्यांच्याबरोबरच नोकरीला लागलेले, नीलाच्या बारशाला आले होते. चेहरा ओढलेला. माझ्याकडे बघत नव्हते.

"वहिनी, पेटीचं पाणी संपलं असेल. कॅन द्या. परवा-तेरवा आणून देतो."

"नको."

"बिराजदाराचे मासे आहेत म्हणून म्हणतो. दुसरं काही नाही."

"नको म्हटलं ना."

गेले. घाटग्यांच्या घरच्यांशी नळावर कुणी बोलत नाही. रात्री त्यांच्या दारावर दगड पडतात. माणूस वाईट नाही. भ्यालेला आहे. मी त्याला काय नावं ठेवू.

१७ मे, शुक्रवार

दगडाआडचा पालथा. केशरी एकच उरला.

ह्यांचा निरोप नाही. कुणी म्हणतं बार्शीकडे बघितलं, कुणी म्हणतं पकडलं. मी नुसती चित्रं बघते. हे परत आलेत, दार उघडून आत येतायत, पेटीत मळकट पाणी, काही हलत नाही. पुढे हे काय करतात ते चित्रात दिसत नाही.

सकाळी मीच घाटग्यांच्या दारी गेले. दोन कॅन ठेवले. त्यांच्या बायकोने उचलून आत घेतले. ना ती बोलली, ना मी.

१९ मे, रविवार

आले कॅन. मला वाटलं अंधार पडल्यावर आणतील. भर सकाळी, नळावर सगळ्या बायका असताना, दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन घाटगे लाइनीतून चालत आले. आणि मोठ्याने, "वहिनी, घ्या, ताजं आहे."

नळावरचे आवाज बंद झाले.

पाणी बदललं. मासा थोड्या वेळाने फिरायला लागला. नीलाने टाळ्या वाजवल्या, मी तिचे हात धरले.

मी नळावर गेले तेव्हा माझी बादली रांगेतून बाहेर काढून ठेवलेली होती. कुणी काढली, विचारायची हिंमत झाली नाही. शेवटी उभी राहिले. माझा नंबर आला आणि पाणी गेलं.

दुपारी रमाबाई दारात. आत आल्या नाहीत.

"वहिनी, सायकलचा पंप द्या. घरी लागतो."

दिला. त्या वळल्या तेव्हा मीच म्हटलं, "रमाबाई, मासे मरत होते हो."

त्या थांबल्या. आवाज चढला नाही त्यांचा. "माजा मानूस जेलात हाय. चहा दिला का न्हाई ठावं न्हाई. तुमच्या माशाला पानी गाडीनं आलं. ती गाडी कुनी चालवली?"

पंप घेऊन त्या गेल्या.

२१ मे, मंगळवार

तांब्याने पाणी वर उचलायचं, धार धरून परत सोडायचं. त्यानेही हवा मिसळते. सकाळपासून तेच. अव्वा, मी, नीला. एवढ्या बोटभर माशासाठी तीन बायका.

अव्वांनी आज विचारलं, "घाटगे आपला की त्यांचा?" मी म्हटलं, त्यांचा. "मग आपण कुनाचे?"

२३ मे, गुरुवार

सकाळी लाइनीत नोटिसा चिकटवल्या. क्वार्टर खाली करा. रमाबाईंच्या दारावर, त्यापुढच्या दारावर, समोरच्या ओळीत. पुष्कळ दारांवर.

आमच्या दारावर नाही.

मी दोनदा बाहेर जाऊन दार बघितलं. वाऱ्याने उडाली असेल म्हणून पायरीखाली, तुळशीमागे शोधली. इतकी माझ्या आयुष्यात कुठल्या कागदाची वाट बघितली नव्हती. येणारे जाणारे आमच्या कोऱ्या दाराकडे बघत जातात. वाटलं, रमाबाईंच्या दारावरची काढून आपल्या दारावर लावावी.

संध्याकाळी घाटगे आले आणि कळलं. साहेबाला त्यांनीच सांगितलं होतं, बिराजदार संपात नाही, आजारी आहे, गावी आहे. "वहिनी, मी सांभाळून घेतलंय. निरोप पाठवा, चार दिवसांत हजर व्हा म्हणावं. काही होणार नाही."

"मला कुठे आहेत माहीत नाही."

"बरं," म्हणाले. विश्वास बसला नाही त्यांचा. जाताना पेटीकडे बघून हसले. "एक तरी वाचवला की आपण."

आपण! तो शब्द कानातून जात नाही.

२८ मे, मंगळवार

संप मागे घेतला. रमाबाईंच्या रेडिओचा आवाज भिंतीतून आला, नुसता आवाज, शब्द नाहीत. मग बाहेर गलका. मग एकदम शांत.

दिवस कलताना हे आले. पाय सुजलेले, दाढी वाढलेली, धोतर मातीचं झालेलं. होटगीच्या पुढे कुणाच्या तरी मळ्यात होते. नीला गळ्यातच पडली. अव्वा रडल्या. हे थेट पेटीपुढे बसले.

एक केशरी मासा. पाणी स्वच्छ.

चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, झालं ते बरंच झालं. लाईट सुद्धा कालच आलेली, बुडबुड चालू. बोट लावलं काचेला. मासा आला बोटाशी.

मग काचेची नळी टाकून बघितली. कोपऱ्यातले सडलेले कॅन बघितले. "गिरिजा, हे ताजं पाणी आहे."

"हो."

"कुठून आलं?"

खोटं तयार होतं माझ्याकडे, पुष्कळ दिवसांपासून. पण सुजलेले पाय दिसत होते.

"घाटग्यांनी आणलं. मीच मागितलं."

उठले, माठातलं पाणी प्यायले, आणि तसेच अनवाणी रमाबाईंकडे गेले. मी भिंतीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. परत आले ते पेटीकडे पाठ करून निजले.

३० मे, गुरुवार

हे ऑफिसात जाऊन आले. बाहेर नावांचा फळा लावलाय. ज्यांना कामावर घ्यायचं त्यांची नावं. ह्यांचं आहे. कांबळ्यांचं नाही. कांबळे काल सुटून आले, घरात बसून आहेत, कुणाला भेटत नाहीत.

पण फळ्यावर नाव असून पुरत नाही. एका कागदावर सही करायची. मी संपात नव्हतो, मला धाक दाखवून घराबाहेर ठेवलं, आणि तो कुणी दाखवला त्यांची नावं. पहिलं नाव कुणाचं घालायचं हेही सुचवलंय. पॉइंट्समन कांबळे. गार्ड लोकांना भडकवायला घरोघर तेच फिरले म्हणे.

शनिवारपर्यंत मुदत. सही नाही तर नाव पुसणार, आणि क्वार्टरची नोटीस.

हे सगळं ह्यांनी जेवता जेवता सांगितलं, भातात वरण कालवत. मग मान वर केली. "तू काय म्हणतेस?"

रेडिओ विकताना विचारलं नाही, पेटी आणताना नाही, संपात जाताना नाही. आत्ता विचारलं. नीलाची शाळा, अव्वांचं औषध, डोक्यावरचं छप्पर, सगळं तोंडाशी आलं आणि रमाबाईंच्या हातातला तो शर्ट दिसला.

"मला भीती वाटते," एवढंच म्हणाले.

"मलाही," म्हणाले. लग्नाला बारा वर्षं होत आली, हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

१ जून, शनिवार

सकाळी दाढी केली. गणवेश घातला, वरची दोन बटणं मी लावली. सही करणार का, विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं त्यांनाही ठाऊक नसावं. आज पेटीपुढे बसले नाहीत, नीलाला म्हणाले, पाणी आटलंय, बघ. आणि गेले.

मी दारात उभी. शेजारच्या दारात रमाबाई. आतून कांबळ्यांचा खोकला. दोघी लाइनीच्या टोकापर्यंत ह्यांची पाठ बघत राहिलो. कोपऱ्यावर हे थांबले, घाम पुसला, वळले.

"गेले का?" रमाबाईंनी विचारलं. सायकलचा पंप नेला त्या दिवसानंतर पहिला शब्द.

"गेले."

"सही कराया?"

"माहीत नाही हो. खरंच माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं आहे का ते शोधत असतील. मी नजर हलवली नाही.

दुपार झाली. ऊन भिंतीवरून उतरलं. हे आले नाहीत. गाड्या सुरू झाल्यात, प्रत्येक शिट्टीला दारात जाऊन येते. स्वयंपाक करून ठेवलाय, अव्वा सुद्धा जेवल्या नाहीत.

रमाबाई मघाशी त्यांच्या दारातून उठल्या आणि येऊन माझ्या पायरीवर बसल्या. आत या म्हटलं, आल्या नाहीत. पाणी दिलं, घेतलं नाही. जातही नाहीत. रस्त्याकडे बघत बसल्यात. मी हे उंबऱ्यात बसून लिहितेय. दोघींमध्ये हातभर जागा आहे.